अर्नेमान यांचा कारखाना आणि ड्रेस्डेनचा घडीचा कॅमेरा

१

कॅमेऱ्याचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग संशोधकांचे. त्यात निएप्स, दागेर, टॅलबट, आर्चर अशी नावे क्रमाने येतात आणि प्रत्येक नावाबरोबर एखादा रासायनिक शोध येतो. दुसरे अंग छायाचित्रकारांचे, म्हणजे कॅमेरा हाती घेऊन ज्यांनी युद्धे, दुष्काळ, राजदरबार आणि माणसांचे चेहरे टिपले त्यांचे. या दोहोंच्या मध्ये कॅमेरा तयार करणारा जो कारागीर व कारखानदार, त्याच्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः छायाचित्रण ही मूठभर रसायनज्ञांची विद्या न राहता मध्यमवर्गाच्या घरात शिरली, ती या तिसऱ्या वर्गाच्या कामगिरीमुळे.

या दृष्टीने जर्मनीतील ड्रेस्डेन शहर व तेथील हाइनरिश अर्नेमान यांचा कारखाना यांचा वृत्तान्त विचारात घेण्यासारखा आहे. या कारखान्याचे स्वतंत्र आयुष्य १८८९ ते १९२६, म्हणजे अवघे सदतीस वर्षांचे. या अवधीत सुताराच्या एका लहानशा कारखान्यातून कॅमेरे, भिंगे, चित्रपटाची यंत्रे व प्रक्षेपक तयार करणारी भागभांडवली कंपनी उभी राहिली आणि ती आपले नाव टिकवू शकली नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा वृत्तान्त आणखी एका कारणाने महत्त्वाचा वाटावा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चलच्चित्रणाचा कॅमेरा आपल्या हातांनी तयार केला, ही घटना मराठी वाचकांस परिचित आहे. तिचा उल्लेख नेहमी अभिमानाने होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु या अभिमानामागे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या कोल्हापुरात एक कॅमेरा घडला, तेथे दुसरा, तिसरा, शंभरावा का घडला नाही? सुतार, लोहार, ओतारी हे ड्रेस्डेनमध्ये होते, तसे कोल्हापुरातही होते. बुद्धीची व हस्तकौशल्याची वाण कोठेच नव्हती. मग अंतर कशामुळे पडले? अर्नेमान यांच्या कारखान्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

२

प्रथम घडीचा कॅमेरा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. कॅमेरा ही मुळात एक अंधारी पेटी. तिच्या एका तोंडाला भिंग व दुसऱ्या तोंडाला प्रकाशसंवेदी काच. भिंग व काच यांमधील अंतर कमीअधिक करता आले, तरच जवळच्या व दूरच्या वस्तूंची प्रतिमा स्पष्ट उमटते. हे अंतर बदलता यावे आणि तरीही आत प्रकाश शिरू नये, यासाठी दोन्ही तोंडांच्या मध्ये कातड्याचा किंवा कापडाचा चुणीदार भाता बसवीत. बाजाच्या पेटीचा भाता ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक इतकाच की, पेटीच्या भात्यातून हवा निसटता कामा नये आणि कॅमेऱ्याच्या भात्यातून प्रकाश आत येता कामा नये.

हा भाता मिटून पेटीत बसविला आणि पेटीचे झाकण तेच भिंगाच्या रुळाचे बैठकपाट म्हणून वापरले की घडीचा कॅमेरा तयार होतो. झाकण पाडावे, भिंगाची चौकट रुळावरून पुढे ओढावी, मागील दुधी काचेवर प्रतिमा पाहून ती स्पष्ट करावी, नंतर दुधी काच काढून तेथे प्रकाशसंवेदी काचेची पेटिका सरकवावी, हा त्याचा वापर. काम आटोपताच सर्व काही मिटून जाड ग्रंथाएवढी पेटी हातात उरते.

अशा कॅमेऱ्याची गरज एका विशिष्ट काळी निर्माण झाली. १८५१ मध्ये आर्चर यांनी प्रचारात आणलेल्या कोलोडियन पद्धतीत काच जागेवरच तयार करून ती ओली असतानाच वापरावी लागे. छायाचित्रकारास तंबू, बाटल्या, पाण्याची पिंपे आणि मदतनीस घेऊन हिंडावे लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढील दहा वर्षांत तयार काचा दुकानात मिळू लागल्या. प्रयोगशाळा पाठीवर वाहण्याचे कारण उरले नाही. शिक्षक, वकील, डॉक्टर, प्रवासी अशा हौशी माणसाला आता हलका, मिटणारा व परवडणारा कॅमेरा हवा होता. तो लाकडाचाच असणार, आणि लाकडाचे काटेकोर सांधकाम जाणणारा सुतारच तो करणार. ड्रेस्डेनच्या उद्योगाचा आरंभ या साध्या परिस्थितीत आहे.

३

हाइनरिश अर्नेमान यांचा जन्म १८५० मध्ये आइक्सफेल्ड प्रदेशातील गेर्नरोड या गावी झाला. ते व्यवसायाने व्यापारी होते. सुतारकाम, रसायनशास्त्र वा प्रकाशशास्त्र यांपैकी कशाचेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १८८९ मध्ये ड्रेस्डेनमध्ये कॅमेरे करणाऱ्या माथियास नावाच्या सुताराच्या कारखान्यात त्यांनी भांडवल घातले आणि ‘अर्नेमान व माथियास’ या नावाने भागीदारी सुरू झाली. थोड्याच काळात माथियास भागीदारीतून बाहेर पडले व कारखाना एकट्या अर्नेमान यांचा झाला.

येथे थोडे थांबावयास हवे. कौशल्य माथियास यांचे होते. अर्नेमान यांच्यापाशी पैसा व बाजाराची जाण होती. इतिहासात नाव राहिले ते दुसऱ्याचे. औद्योगिक इतिहासात असे वारंवार घडते, आणि त्यात केवळ अन्याय पाहून चालणार नाही. एक उत्तम कॅमेरा करणे आणि एकसारखे हजार कॅमेरे करून ते ठरलेल्या किमतीला देशोदेशी पोचविणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याला हात लागतो, तर दुसऱ्याला हिशेब, उधारी, जाहिरात, सूचीपत्रे आणि सुटे भाग परस्परांत बसतील अशी शिस्त लागते. व्यापारी अर्नेमान यांनी सुताराच्या कलेला ही शिस्त लावली.

१८९० नंतरच्या दशकाअखेर ड्रेस्डेनच्या श्ट्रीझन भागात कारखान्याची नवी इमारत उभी राहिली आणि १८९९ मध्ये कंपनी भागभांडवली झाली. ‘हाइनरिश अर्नेमान आक्टीनगेझेलशाफ्ट’ या नावाच्या आद्याक्षरांपासून ‘हेआग’ हा शब्द बनविण्यात आला आणि तो कंपनीच्या घडीच्या कॅमेऱ्यांच्या मालिकेस देण्यात आला. मालकाचे व भागधारकांच्या संस्थेचे नाव अशा रीतीने वस्तूवरच कोरले गेले. गुंडाळीच्या फिल्मसाठी ‘बॉब’ ही दुसरी मालिका निघाली. याशिवाय भिंगाची चौकट कात्रीसारख्या आडव्यातिडव्या पट्ट्यांवर चटकन पुढे येणारा ‘क्लाप’ हा जलद कॅमेरा वृत्तचित्रकारांच्या उपयोगी पडला.

या कारखान्यातून उष्ण प्रदेशांसाठी खास प्रकारचे कॅमेरेही निघत. युरोपातील नेहमीच्या कॅमेऱ्यावर काळे कातडे सरसाने चिकटविलेले असे. दमट हवेत सरस सुटतो, कातड्याला बुरशी येते आणि मऊ लाकूड वाकडे होऊन सांध्यांतून प्रकाश शिरतो. म्हणून उष्णकटिबंधातील ग्राहकांसाठी सागवानाची उघडी, चकचकीत केलेली पेटी व पितळी कोपरे असलेले नमुने तयार होत. साग हा आशियातील वृक्ष. युरोपच्या हवेत तो वाढत नाही. पूर्वेकडील अरण्यातले लाकूड एल्ब नदीच्या काठी जाई, तेथे त्याची पेटी होई आणि ती पेटी पुन्हा पूर्वेकडील वसाहतींच्या बाजारात विक्रीस येई. कच्चा माल व पक्का माल यांच्या देवघेवीचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. सागाचे गुण कोकणातील सुतारास ड्रेस्डेनच्या सुतारापेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही पेटी तेथे झाली, येथे झाली नाही. याचे कारण लाकडात नव्हते.

४

ते कारण शहरात होते. अर्नेमान हे ड्रेस्डेनमधील एकमेव कारखानदार नव्हते, आणि पहिलेही नव्हते. रिखार्ड ह्यूटिग यांची १८६२ मध्ये बर्लिनला स्थापन झालेली पेढी १८८७ मध्ये ड्रेस्डेनला आली होती. एमिल व्ह्यून्श यांचा कारखाना शहराच्या लगतच होता. पुढे सेर्टो, बाल्डा, इहागे अशी आणखी नावे त्यांत मिळाली. छायाचित्रे छापण्याच्या अंडबलकी कागदाच्या निर्मितीत तर ड्रेस्डेन कॅमेऱ्यांच्या आधीच प्रसिद्धीस आले होते. एका कारखान्यात शिकलेला कामगार दुसऱ्यात जाई, फोरमन स्वतःचे दुकान काढी, भाते करणारा एकच कारागीर चार पेढ्यांना माल पुरवी. अशा रीतीने विद्या कोणा एकाच्या मुठीत न राहता वस्तीत पसरते.

शहराबाहेरही हे जाळे पसरलेले होते. येना येथे अबे, शॉट व त्साइस यांच्या सहकार्याने १८८४ मध्ये काचेची जी प्रयोगशाळा निघाली, तिच्यातून भिंगासाठी नव्या गुणधर्मांची काच मिळू लागली. त्या काचेमुळेच बर्लिनच्या ग्यॉर्त्स यांचे ‘डागोर’ हे भिंग १८९२ मध्ये व येनाच्या त्साइस यांचे ‘टेसार’ हे १९०२ मध्ये शक्य झाले. म्युनिकमध्ये फ्रीडरिश डेकेल हे यंत्रकार केवळ शटर करीत. १९१२ पासून प्रचारात आलेले त्यांचे ‘कॉम्पुर’ शटर जर्मनीतील बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांवर दिसू लागले. बर्लिनच्या अॅग्फा कंपनीकडून रसायने व पुढे फिल्म येई. तेव्हा घडीच्या कॅमेऱ्यावर नाव एका पेढीचे असले, तरी त्याचा डोळा येनाचा, पापणी म्युनिकची आणि अंग ड्रेस्डेनचे असे.

या सर्वांवर कळस चढविला तो विद्यापीठाने. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात १९०८ मध्ये रोबेर्ट लुथर यांच्या नेतृत्वाखाली छायाचित्रणाची शास्त्रीय संस्था सुरू झाली. तिला शहरातील उद्योगाचा पाठिंबा होता. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्याच शहरात आंतरराष्ट्रीय छायाचित्रण प्रदर्शन भरले. कारखान्याला जे प्रश्न पडत ते संस्थेत जात, संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी कारखान्यात जात. सुताराच्या कारखान्याला प्रकाशशास्त्राची जोड मिळाली ती या मार्गाने.

अर्नेमान यांनी या परिस्थितीचा पुरेपूर लाभ घेतला. १९०३ मध्ये त्यांनी हौशी लोकांसाठी सतरा मिलिमीटर व वर अर्धा एवढ्या रुंदीच्या अरुंद फिल्मवर चालणारा चलच्चित्राचा कॅमेरा बाजारात आणला. नेहमीची पस्तीस मिलिमीटरची फिल्म उभी चिरून खर्च निम्म्यावर आणण्याची ती युक्ती होती. १९०९ मध्ये ‘इम्पेराटोर’ हा प्रक्षेपक निघाला. भिंगांसाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून त्याच सुमारास कारखान्यात स्वतःचा प्रकाशशास्त्रीय विभाग उघडण्यात आला. हान्स लेहमान या शास्त्रज्ञाने तेथेच अतिजलद चित्रणाचे यंत्र सिद्ध केले. वेगवान हालचाल पडद्यावर संथ करून दाखविणारे हे तंत्र जर्मन भाषेत ‘त्साइटलूप’, म्हणजे काळाचे भिंग, या समर्पक नावाने ओळखले जाते.

५

अशा वैभवाच्या काळातच एकत्रीकरणाची प्रक्रिया सुरू झाली होती. कॅमेऱ्याच्या व्यवसायात स्पर्धा तीव्र होती आणि नमुने परस्परांची नक्कल असल्यासारखे होते. १९०९ मध्ये ह्यूटिग, व्ह्यून्श, फ्रँकफुर्टचे क्र्युगेनर आणि त्साइस यांचा कॅमेरा-विभाग एकत्र येऊन ‘इका’ ही संयुक्त कंपनी झाली. अर्नेमान तीत सामील झाले नाहीत. ते स्वतंत्र राहिले आणि आणखी सतरा वर्षे त्यांनी आपला झेंडा खाली येऊ दिला नाही.

मध्यंतरी महायुद्ध झाले. कारखाने लष्करी मागणीकडे वळले, वसाहतींचे बाजार शत्रुपक्षाच्या ताब्यात असल्याने बंद झाले. युद्धानंतरच्या चलनफुगवट्यात १९२३ साली जर्मन मार्काची किंमत कवडीमोल झाली. आश्चर्य असे की याच पडत्या काळात अर्नेमान यांनी आपली सर्वांत उत्कृष्ट वस्तू निर्माण केली. लुडविग बेर्टेल या तरुण गणकाने ‘अर्नोस्टार’ हे विलक्षण प्रकाशग्राही भिंग रचले आणि ते बसविलेला ‘अर्मानॉक्स’ हा लहान कॅमेरा १९२४ मध्ये विक्रीस आला. दिव्याच्या उजेडात, मग्नेशियमची भुकटी न पेटविता, हातात धरून छायाचित्र घेणे आता साध्य झाले. एरिख सालोमोन यांनी याच कॅमेऱ्याने न्यायालये व राजनैतिक परिषदा यांत बसलेली माणसे त्यांच्या नकळत टिपली. आधुनिक वृत्तछायाचित्रणाचा एक आरंभबिंदू म्हणून त्या चित्रांकडे बोट दाखविले जाते.

तथापि उत्तम वस्तू व सुदृढ हिशेब यांची सांगड नेहमीच राहते असे नाही. १९२६ मध्ये इका, अर्नेमान, ग्यॉर्त्स आणि श्टुटगार्टची कोन्टेसा-नेटेल या चार कंपन्या एकत्र येऊन ‘त्साइस इकॉन’ ही विशाल कंपनी झाली. सूत्रे येनाच्या कार्ल त्साइस यांच्याकडे गेली. भिंगे यापुढे मुख्यतः येनाचीच वापरावयाची असे धोरण ठरले आणि अर्नेमान यांच्या कारखान्यातील भिंगनिर्मिती थांबली. परावलंबन टाळण्यासाठी जो विभाग मोठ्या कष्टाने उभारला होता, तोच विलीनीकरणाचा पहिला बळी ठरला. ‘हेआग’ हे नाव नाहीसे झाले. ‘अर्नेमान’ हे नाव केवळ प्रक्षेपकांवर राहिले. हाइनरिश अर्नेमान १९२८ मध्ये वारले. श्ट्रीझनमधील कारखान्याचा उंच मनोरा १९२२-२३ मध्ये बांधला गेला होता, म्हणजे तो पुरा झाल्यावर तीन वर्षांतच त्याच्या मालकाची कंपनी स्वतंत्र राहिली नाही.

एकत्रीकरणाने उद्योगाचे नुकसानच झाले असे मात्र म्हणता येणार नाही. गुंडाळीच्या फिल्मवर चालणारा ‘इकॉन्टा’ (१९२९) व अंतर मोजण्याच्या जोडयंत्रासह निघालेला ‘सुपर इकॉन्टा’ (१९३४) हे घडीच्या कॅमेऱ्याचे परिपक्व रूप होय, आणि ते या विशाल कंपनीचे अपत्य आहे. दुसऱ्या बाजूने, ज्यांना तिच्यात राहणे जमले नाही त्यांनीही नवे मार्ग काढले. कोन्टेसाचे आउगुस्ट नागेल १९२८ मध्ये बाहेर पडले व त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. तो लवकरच अमेरिकन कोडॅक कंपनीने विकत घेतला आणि तेथूनच १९३४ मध्ये पस्तीस मिलिमीटर फिल्मचा घडीचा कॅमेरा ‘रेटिना’ निघाला.

६

या उद्योगाच्या इतिहासाचा पुढील भाग यंत्रांच्या वर्णनात झाकून टाकणे इतिहासकाराला शोभणार नाही. त्साइस इकॉनचे एक प्रमुख संचालक इमान्युएल गोल्डबेर्ग हे छायाचित्रणशास्त्रातील थोर पंडित होते. ते ज्यू होते. १९३३ च्या वसंतात नाझी टोळीने त्यांना कार्यालयातून पळवून नेले. सुटकेनंतर त्यांना देश सोडावा लागला आणि पुढे ते पॅलेस्टाइनमध्ये स्थायिक झाले. युद्धकाळात कॅमेऱ्यांऐवजी लष्करी उपकरणे करणाऱ्या त्याच कंपनीत ड्रेस्डेनच्या ज्यू नागरिकांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. १९४२ च्या अखेरीस त्यांना हेलरबेर्गच्या छावणीत कोंडण्यात आले आणि १९४३ च्या मार्चमध्ये त्यांची रवानगी आउश्वित्स येथे झाली. अर्नेमान यांच्या कॅमेऱ्याने ज्याने कीर्ती मिळविली, तो एरिख सालोमोनही १९४४ मध्ये आउश्वित्स येथेच मारला गेला.

कौशल्य, शास्त्र आणि शिस्त यांच्या बळावर उभे राहिलेले जाळे आपोआप न्यायाचे होत नाही. ते ज्याच्या हाती असेल त्याचे काम करते. फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावात शहराचा मध्यभाग भस्मसात झाला. युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी यंत्रसामग्रीचा मोठा भाग उचलून नेला, देश दुभंगला आणि त्याबरोबर कंपनीही दुभंगली. पश्चिमेकडील त्साइस इकॉनने १९७० नंतरच्या काही वर्षांत कॅमेरे करणे सोडले. ड्रेस्डेनचा शासकीय उद्योग १९६४ पासून ‘पेंटाकॉन’ या नावाने चालला व जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास १९९० मध्ये तो मोडीत काढण्याचा निर्णय झाला. अर्नेमान यांचा मनोरा आजही उभा आहे. त्या इमारतीत आता शहराचे तंत्रविषयक संग्रहालय आहे.

७

आता कोल्हापूरकडे वळता येईल. तेथील मेस्त्री घराणे कारागिरांचे. आनंदराव व बाबूराव हे चुलतबंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात नावाजलेले होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर या बंधूंना चित्रपटाची ओढ लागली. त्यांनी कॅमेरा करण्याचा प्रयत्न आरंभिला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी दामले यांच्या मदतीने तो प्रयत्न सिद्धीस नेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य लाभले. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव केला.

या घटनाक्रमात ड्रेस्डेनशी तुलना केली असता काय होते व काय नव्हते हे स्पष्ट होते. कारागिरी होती. भांडवलही, थोडे का होईना, मिळाले. छायाचित्रणाचा परिचय तर मुंबई इलाख्यात फारच जुना होता. मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान तिच्या कार्यात सहभागी होते. अर्नेमान यांनी माथियास यांच्या कारखान्यात पैसा घातला, त्याआधी पस्तीस वर्षे मुंबईकर कॅमेरा वापरीत होते. तेव्हा मराठी मनाला यंत्राची आवड नव्हती, किंवा ही विद्या येथे उशिरा आली, ही दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नाहीत.

नव्हते ते भोवतालचे जाळे. भिंगाची काच देशात होत नव्हती. कच्ची फिल्म तर परदेशातूनच येई. भारतात ती तयार होऊ लागली १९६७ मध्ये, उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात. शटर व काटेकोर दातेरी चाके पुरविणारा डेकेलसारखा स्वतंत्र यंत्रकार नव्हता. कारखान्याचे प्रश्न ज्याच्याकडे न्यावेत असे लुथर यांच्या संस्थेसारखे विद्यापीठीय केंद्र नव्हते. बडोद्याचे कलाभवन १८९० पासून उद्योगशिक्षण देत होते आणि फाळके तेथेच शिकले. पण त्या शिक्षणाला लागून कॅमेऱ्यांचा उद्योग नव्हता. ग्राहकांची संख्या लहान होती आणि तिच्यापर्यंत जर्मन, इंग्रज व अमेरिकन माल सहज पोचत होता. परकीय सरकारला असा उद्योग येथे वाढविण्यात स्वारस्य नव्हते. अशा स्थितीत बाबूरावांचा कॅमेरा हा एका चित्रकाराने आपल्या कलेसाठी केलेले साधन होता. विक्रीसाठी केलेला माल तो नव्हता, आणि तसा त्याचा हेतूही नव्हता.

या निष्कर्षास दक्षिण महाराष्ट्रातूनच दुजोरा मिळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा त्याला प्रथम विरोध झाला. परंतु शेतकरी हा ग्राहक जवळ होता, नांगर त्याच्या उपयोगाचा होता आणि औंध संस्थानाचा आधार मिळताच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कोल्हापुरातही पुढे उद्यमनगरात ओतकाम, तेलइंजिने व सुटे भाग यांचा उद्योग फोफावला, कारण नदीकाठच्या उसाला पाणी द्यावयाचे होते. ज्या वस्तूला परिसरात मागणी होती व जिचे भाग परिसरात होऊ शकत होते, ती वस्तू मराठी कारागिरांनी शेकड्यांनी केली. कॅमेऱ्याच्या बाबतीत या दोन्ही अटी पुऱ्या होत नव्हत्या.

केरळातील आलप्पुळा येथील ‘वागीश्वरी’ कॅमेऱ्याचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. वाद्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील के. करुणाकरन यांनी १९४० नंतरच्या दशकात लाकडी, भात्याचे कॅमेरे करण्यास आरंभ केला आणि ते देशातील अनेक स्टुडिओंत गेले. येथे ग्राहक निश्चित होता, गावोगावचा छायाचित्रकार. शिवाय महायुद्धाने परदेशी मालाची आवक अडली होती. या दोन गोष्टी जुळताच सुतारकाम व भाता यांच्या बळावर जेवढे करता येण्यासारखे होते तेवढे झाले. भिंग मात्र बाहेरचेच राहिले. म्हणजे १८८९ मध्ये माथियास यांचा कारखाना जेथे होता, तेथपर्यंतचा पल्ला हिंदी कारागिराने स्वबळावर गाठला. त्यापुढचा पल्ला एकट्या कारागिराने गाठण्याचा नव्हताच.

८

अर्नेमान यांच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली ही की, उद्योग हा एका बुद्धिमान माणसाच्या हातून जन्मत नाही. काच, कातडे, शटर, कागद, शाळा, उधारी आणि ग्राहक या सर्वांचे जाळे जेथे असते तेथेच तो मूळ धरतो. बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याचा गौरव करताना हे जाळे नसल्याची नोंद घेतली नाही, तर त्या गौरवात कौतुक राहील, पण इतिहास राहणार नाही. त्यांचे कर्तृत्व उलट अधिक मोठे दिसते ते यामुळेच. जे काम ड्रेस्डेनमध्ये पाच-सहा व्यवसाय वाटून घेत, ते त्यांनी व दामल्यांनी एका घरात केले.

दुसरी गोष्ट अशी की, हे जाळे विणणाऱ्याच्याच हाती राहते असे नाही. सुतार माथियास यांचे नाव व्यापारी अर्नेमान यांच्या नावामागे गेले, अर्नेमान यांचे त्साइसच्या नावामागे, आणि त्साइस इकॉनच्या कारखान्यात एके काळी गुलामांसारखी राबविली गेलेली माणसे तर नावानिशी फार थोड्यांना ठाऊक आहेत. १९६० नंतरच्या काळात अनेक मराठी घरांत ‘अॅग्फा क्लिक’ हा लहानसा पेटी-कॅमेरा आला. तो भारतात तयार होत होता, तरी त्यावरचे नाव जर्मन होते. वस्तू कोठे घडली, कोणाच्या हातांनी घडली आणि तिच्यावर नाव कोणाचे पडले, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. तंत्राच्या इतिहासाने ते तिन्ही स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत.